विश्लेषण : फ्रान्सची ‘मादिराँ’ वाइन एवढी तुरट का? आणि ती बदकाच्या चरबीसोबतच का रुचते?

फ्रेंच रेड वाइन म्हटले की बोर्डो किंवा बर्गंडी ही नावे आठवतात. मात्र फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी तयार होणारी ‘मादिराँ’ ही वाइन या दोन्हींपेक्षा वेगळ्याच कारणाने ओळखली जाते. ती फ्रान्समधील सर्वाधिक तुरट वाइनपैकी एक मानली जाते. नुसती प्यायली तर तोंड कोरडे पडते, जीभ टाळूला चिकटते. पण तीच वाइन चरबीत शिजवलेल्या बदकासोबत घेतली, की तिची धार जाते आणि आतला फळांचा स्वाद वर येतो. हे कसे घडते, हीच वाइन एके काळी हृदयाचे औषध म्हणून कशी गाजली आणि त्या दाव्याचे पुढे काय झाले, याविषयी…

मादिराँ कुठे तयार होते?

मादिराँ हे मुळात एका लहानशा गावाचे नाव. पो आणि तार्ब या शहरांच्या उत्तरेकडील टेकड्यांवर, अदूर नदीच्या खोऱ्याजवळ हा द्राक्षपट्टा आहे. जेर्स, ओत-पिरेने आणि पिरेने-अत्लांतिक या तीन जिल्ह्यांत तो विभागला आहे. हा सगळा भाग जुन्या गॅस्कनी प्रांताचा शेजार. ‘थ्री मस्केटिअर्स’मधला दार्तान्याँ इथलाच. अकराव्या शतकात मादिराँमध्ये बेनेडिक्टाइन पंथाचा मठ स्थापन झाला आणि द्राक्षशेतीला आधार मिळाला. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणारे यात्रेकरू याच भागातून जात, त्यांच्यामार्फत या वाइनचे नाव दूरवर पोहोचले, असे सांगितले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, त्यात मादिराँचाही बळी गेला. १९४८ मध्ये मादिराँला ‘आपेलासियाँ’ म्हणजे उगमस्थानाचा कायदेशीर दर्जा मिळाला, तेव्हा तिथे लागवड अगदी थोडी उरली होती. याच टेकड्यांवर पांढऱ्या द्राक्षांपासून होणाऱ्या वाइनला ‘पाशरॅंक द्यु व्हिक-बिल’ असे वेगळे नाव आहे. मादिराँ हे नाव मात्र फक्त रेड वाइनलाच लावता येते.

ती एवढी तुरट का?

याचे उत्तर ‘तन्ना’ या द्राक्षाच्या जातीत आहे. मादिराँमध्ये तन्नाचा वाटा सर्वात मोठा असतो. काही उत्पादक शंभर टक्के तन्नाच वापरतात, तर काही जण तीव्रता कमी करण्यासाठी काबर्ने फ्रां, काबर्ने सोव्हिन्यों किंवा ‘फेर’ ही स्थानिक जात मिसळतात. तन्नाची साल जाड आणि गडद रंगाची असते. वाइनला तुरटपणा देणारी टॅनिन ही द्रव्ये प्रामुख्याने साल आणि बियांमध्ये असतात. रेड वाइन तयार करताना रस साल-बियांसकट आंबवला जातो, त्यामुळे ही द्रव्ये वाइनमध्ये उतरतात. पांढऱ्या वाइनमध्ये साल आधीच वेगळी केली जाते, म्हणून ती सहसा तुरट लागत नाही.

तन्नाचा तुरटपणा केवळ मातीचा किंवा हवेचा परिणाम नाही. या जातीच्या जनुकीय आराखड्याचा अभ्यास उरुग्वे आणि इटलीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘द प्लांट सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तन्नामधील पॉलिफेनॉलचे जास्त प्रमाण मुख्यतः अशा जनुकांमुळे आहे, जी संदर्भासाठी वापरल्या जाणाऱ्या द्राक्षाच्या जनुकीय आराखड्यात सापडत नाहीत, असे त्यात दिसले. टॅनिन हा पॉलिफेनॉलचाच एक प्रकार. म्हणजे हे द्राक्ष जन्मतःच तुरट आहे.

या अभ्यासात उरुग्वेचे नाव येण्यालाही कारण आहे. पास्काल आरियाग या बास्क स्थलांतरिताने १८७० च्या दशकात तिथल्या साल्तो भागात तन्नाची लागवड केली. आज तन्ना ही उरुग्वेची ओळख आहे. तिथे ती निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसासोबत घेतली जाते. देश बदलला, तरी सोबतीला चरबीयुक्त मांसच राहिले.

तुरटपणा म्हणजे नेमके काय?

या बाबतीत मराठी वाचकाला फार समजावून सांगावे लागत नाही. कच्चे केळे, जांभूळ, आवळा, सुपारी किंवा विड्यातला कात यांमुळे तोंडात जे होते, तेच मादिराँच्या घोटाने होते. आयुर्वेदाने तुरट म्हणजे कषाय हा सहा रसांपैकी एक मानला. आधुनिक विज्ञान मात्र त्याला चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव अधिक मानते. आपल्या लाळेत काही विशिष्ट प्रथिने असतात. ती तोंडाच्या आतल्या भागाला वंगण पुरवतात. टॅनिन या प्रथिनांना चिकटते, त्यांचे गुठळे होतात आणि वंगण कमी पडते. त्यामुळे जीभ खरखरीत वाटते.

टॅनिन हे नावच चामडे कमावण्याच्या धंद्यातून आले आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावतात. त्यातही टॅनिन कातड्यातील प्रथिनांना घट्ट बांधते, म्हणून कातडे कुजत नाही. घोट घेतल्यावर जिभेवर घडते ते याच क्रियेचे क्षणिक आणि सौम्य रूप म्हणता येईल.

चरबीशी तिचे एवढे का जुळते?

कडक उकळलेला कोरा चहा जिभेला ओढतो. त्यात दूध घातले की तो मऊ लागतो. कारण चहातील टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटते आणि लाळेतल्या प्रथिनांच्या वाट्याला कमी उरते. मांस किंवा चीज यांच्यासोबत रेड वाइन घेतल्यावरही असेच होते. वाइनच्या टॅनिनला गुंतवायला ताटातली प्रथिने हजर असतात.

चरबीची भूमिका याहून थोडी वेगळी आहे. ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चरबीयुक्त सुके मांस खाताना मधूनमधून चहाचे घोट दिले गेले. सौम्य तुरट द्रवाचे घोट एकामागोमाग घेतले, तर तुरटपणा वाढत जातो आणि एका पातळीपर्यंत साचतो. पण मांसाचा घास आणि तुरट घोट आळीपाळीने घेतले, तर तोंडातला तेलकटपणाही कमी होतो आणि तुरटपणाही. दोन्ही जाणिवा तागडीच्या दोन पारड्यांसारख्या एकमेकींना तोलतात, असा या प्रयोगाचा निष्कर्ष होता. बोर्डो येथील संशोधकांनी २०२१ मध्ये टॅनिन आणि तेलाच्या सूक्ष्म थेंबांमधील संबंध तपासला. टॅनिन चरबीच्या कणांमध्येही शिरते असे त्यांना आढळले. टॅनिनचे द्रावण चाखण्यापूर्वी चमचाभर तेल घेतलेल्या परीक्षकांना तुरटपणा कमी जाणवला.

थोडक्यात, कोणत्या वाइनसोबत काय खावे, हा निव्वळ बड्या लोकांच्या शिष्टाचाराचा भाग नाही. त्यामागे जिभेवर घडणारी साधी देवाणघेवाण आहे. चरबीचा थर घोटाने धुतला जातो आणि घोटाची धार चरबीने बोथट होते. म्हणूनच पुढचा घास पहिल्या घासाइतकाच चवदार लागतो.

त्या प्रदेशातले ताट कसे असते?

नैर्ऋत्य फ्रान्सच्या या भागात स्वयंपाकात लोण्याऐवजी बदक आणि हंसाची चरबी वापरण्याची पद्धत आहे. ‘कॉन्फि’ हा इथला प्रसिद्ध पदार्थ. बदकाच्या तंगड्यांना मीठ लावून ठेवतात, मग त्या बदकाच्याच चरबीत मंद आचेवर काही तास शिजवतात आणि त्याच चरबीत बुडवून साठवतात. शीतकपाट नसलेल्या काळात हिवाळ्यासाठी मांस टिकवण्याचा हा उपाय होता. खाताना ते तव्यावर कातडीच्या बाजूने खरपूस भाजले जाते. मादिराँसोबत सर्वाधिक सुचवला जाणारा पदार्थ हाच.

दुसरा ‘माग्रे’, म्हणजे पुष्ट केलेल्या बदकाच्या छातीचे मांस. वर चरबीचा जाड थर आणि खाली गडद लाल मांस. पूर्वी हा भागही कॉन्फिसाठीच वापरला जाई. जेर्समधील ओश शहरातले बल्लवाचार्य आंद्रे दागँ यांनी तो गोमांसाच्या स्टेकप्रमाणे आतून लालसर ठेवून वाढायला सुरुवात केली आणि तो देशभर लोकप्रिय झाला. तिसरा ‘कासुले’. पांढरा घेवडा, डुकराचे मांस, सॉसेज आणि कॉन्फि मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास शिजवून तो केला जातो. कास्तेलनोदारी, कार्कासोन आणि तुलूझ ही तिन्ही गावे त्यावर हक्क सांगतात.

शेतकऱ्याच्या घरचा पदार्थ म्हणजे ‘गार्ब्युर’. कोबी, तार्बचा पांढरा घेवडा, कंदभाज्या आणि हॅमचे हाड किंवा कॉन्फिचा तुकडा घातलेले हे घट्ट सूप. ते संपत आले, की ताटलीच्या तळाशी उरलेल्या गरम रश्श्यात थोडी रेड वाइन ओतायची आणि ताटली तोंडाला लावून पिऊन टाकायची, अशी इथली जुनी रीत आहे. तिला ‘शाब्रो’ म्हणतात. वाइनचे शिष्टाचार शिकवणाऱ्या वर्गांत ही रीत क्वचितच सांगितली जाते. पण रश्श्यावर तरंगणारी चरबी आणि तुरट वाइन यांचा मेळ गॅस्कनीच्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कळला होता, याची ती खूण आहे.

चीजमध्ये पिरेनीजच्या मेंढ्यांच्या दुधापासून होणारे ‘ओसो-इराती’ मादिराँला साजेसे मानले जाते. ते घट्ट, स्निग्ध आणि किंचित गोडसर असते. मेंढीचे भाजलेले मांस, रानडुक्कर आणि मुरवलेल्या मांसाचा दाट रस्सा हेही चालतात.

कशासोबत ती जुळत नाही?

मासे हा पहिला अपवाद. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले, की वाइनमधील लोहाचे प्रमाण जितके जास्त, तितका सागरी पदार्थांसोबत नकोसा माशट वास जास्त जाणवतो. हे लोह टॅनिनमुळे येत नाही आणि प्रत्येक रेड वाइनमध्ये ते सारखेही नसते. पण नाजूक चवीच्या माशाला एवढी तुरट वाइन तशीही झाकोळून टाकते.

दुसरा अपवाद तिखटाचा. मिरचीतील कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच अल्कोहोलही अधिक संवेदनशील करते. मादिराँमध्ये साधारण १३ ते १५ टक्के अल्कोहोल असते. त्यात टॅनिनमुळे वंगण कमी झालेले. त्यामुळे झणझणीत रश्श्यासोबत ती घेतली तर आग शमण्याऐवजी भडकते. गॅस्कनीच्या स्वयंपाकात मीठ, लसूण आणि चरबी भरपूर असली तरी मिरचीचा तिखटपणा फारसा नसतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. गोड पदार्थांसोबतही ती अधिकच कडवट आणि तुरट लागते.

वाढण्याचीही पद्धत ठरलेली आहे. बाटली जेवणाच्या काही तास आधी उघडून वाइन रुंद सुरईत ओतली जाते, म्हणजे तिला हवा लागते. तापमान १६ ते १८ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात. फार थंड केली तर तुरटपणा अधिक बोचतो. चांगल्या वर्षाची मादिराँ मऊ व्हायला आठ-दहा वर्षेही लागू शकतात.

तिला मवाळ करण्याचा प्रयत्न झाला का?

एवढी वर्षे थांबण्याची ग्राहकाची तयारी नसते. या अडचणीतून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मादिराँमध्येच एक तंत्र जन्माला आले. पात्रिक द्युकुर्नो या उत्पादकाने टाकीतल्या वाइनमध्ये अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात ऑक्सिजन मोजून सोडायला सुरुवात केली. लाकडी पिंपातून वाइनला जशी हळूहळू हवा मिळते, तसाच हा परिणाम. ऑक्सिजनमुळे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, त्यांची रचना बदलते आणि तुरटपणा मवाळ होतो. ‘मायक्रो-ऑक्सिजनेशन’ म्हणून ओळखले जाणारे हे तंत्र पुढे बोर्डोपासून चिलीपर्यंत पोहोचले.

दुसरा मार्ग आलँ ब्रुमाँ यांचा. त्यांनी १९८० च्या दशकात ‘शातो मोंत्यु’ची वाइन शंभर टक्के तन्नापासून, नव्या ओकच्या पिंपांत मुरवून बाजारात आणली. तुरटपणा लपवण्याऐवजी त्यालाच प्रतिष्ठा देण्याचा हा प्रयत्न यशस्वी ठरला आणि विस्मरणात गेलेले मादिराँ पुन्हा चर्चेत आले.

‘आरोग्यदायी वाइन’ हा लौकिक कुठून आला?

नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात ‘फ्रेंच पॅराडॉक्स’वर एक भाग दाखवला गेला. फ्रेंच लोक लोणी, चीज, चरबी भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी का, असा प्रश्न त्यात होता आणि रेड वाइन हे त्याचे संभाव्य उत्तर म्हणून मांडले गेले. त्यानंतर अमेरिकेत रेड वाइनची विक्री झपाट्याने वाढली. पुढच्याच वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जेरिल यांचा याच विषयावरचा लेख ‘द लॅन्सेट’मध्ये आला.

मादिराँचा थेट संबंध २००६ मध्ये जोडला गेला. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील रॉजर कॉर्डर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मधील लेखात प्रोसायनिडिन या टॅनिनच्या घटकाकडे लक्ष वेधले. प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या पेशींवर त्याचा अनुकूल परिणाम दिसला होता. नैर्ऋत्य फ्रान्स आणि सार्डिनियातील नुओरो या दीर्घायुष्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या भागांतील वाइनमध्ये हे घटक जास्त असल्याचेही त्यांनी नोंदवले. तन्ना त्यात अग्रभागी होते. फारशी कुणाला न आवडणारी तुरट वाइन एका रात्रीत गुणकारी ठरली.

आज त्याविषयी काय मानले जाते?

हा दावा आता टिकत नाही. विशिष्ट भागातील लोक जास्त जगतात आणि तिथली वाइन तुरट असते, एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड यांनी १९९९ मध्येच ‘बीएमजे’मध्ये वेगळे स्पष्टीकरण मांडले होते. फ्रान्समध्ये प्राणिज चरबीचे सेवन तुलनेने उशिरा वाढले आणि त्याचे परिणाम दिसायला अनेक वर्षे लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय ‘थोडे पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी’ असे सांगणाऱ्या अनेक जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे मद्य सोडलेले लोकही मोजले गेले होते. त्यामुळे तुलनाच सदोष होती.

दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अल्कोहोलयुक्त पेयांना १९८८ पासूनच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे या संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. प्रोसायनिडिन हवेच असेल तर ते सफरचंद आणि कोकोमध्येही असते. त्यासाठी अल्कोहोलची गरज नाही. त्यामुळे हृदयासाठी म्हणून कुणी मादिराँ पिऊ लागणे हे शास्त्राला धरून नाही.

मग पुढे काय?

मादिराँपुढचे संकट दुहेरी आहे. फ्रान्समध्ये रेड वाइनची मागणी अनेक वर्षांपासून घटते आहे. तरुण ग्राहक हलक्या, थंड पेयांकडे वळला आहे. अतिरिक्त वाइन ऊर्ध्वपातन करून औद्योगिक अल्कोहोलमध्ये बदलण्यासाठी २०२३ मध्ये फ्रान्समध्ये २० कोटी युरोंची तरतूद झाली, तर २०२४ मध्ये वेली कायमच्या उपटणाऱ्यांना हेक्टरी चार हजार युरो देण्याची योजना आली. वाढत्या तापमानामुळे द्राक्षांत साखर वाढते आणि वाइनमधील अल्कोहोलही. म्हणजे जी वाइन आधीच भारदस्त, ती अधिक जड होते.

ताटाची बाजूही सुरक्षित नाही. बर्ड फ्लूच्या साथींमुळे नैर्ऋत्य फ्रान्समध्ये लाखो बदके मारावी लागली. अखेर ऑक्टोबर २०२३ पासून फ्रान्सने बदकांचे लसीकरण सक्तीने सुरू केले. बदक पाळणारे आणि द्राक्ष पिकवणारे शेजारी असल्याने एकाचा तोटा दुसऱ्याच्या बाजारालाही जाणवतो.

त्यामुळे मादिराँचे उत्पादक आता कमी पिंपवास असलेल्या, लवकर पिता येतील अशा वाइनही काढत आहेत. पण तुरटपणा पूर्ण काढून टाकला, तर ती इतर कोणत्याही रेड वाइनसारखीच होईल, ही भीती आहेच. औषध म्हणून मिळालेली प्रतिष्ठा ओसरल्यावर मादिराँकडे पुन्हा तिचे मूळचे स्थानच उरते : हिवाळ्यातले जेवण, चरबीत शिजलेले मांस आणि सोबतीला एक लहान पेला. तिच्या तुरटपणाला अर्थ येतो तो ताटावरच.